तुळईवरची साळुंकी

एका राज्यात राजा होता, प्रधान होता आणि मुकी प्रजा होती. जन्माची मुकी नव्हे हो, सभेपुरती मुकी. राजाने कुठलीही गोष्ट तीन पुनवांना तीनदा विचारायची, तिसऱ्यांदाही कुणी बोललं नाही तर ती प्रजेला मान्य, अशी तिथली रीत. बोलायचा मान पिकल्या केसांचा. काळ्या केसांचं कुणी बोललं, की प्रधानाच्या शापाने त्याची साळुंकी होई. प्रधान मोठा मांत्रिक. लोक त्याला काळजिभ्या म्हणत. म्हातारे त्याच्याच पंगतीला जेवत, ते कशाला तोंड उघडतात!

या काळजिभ्याला तळ्याच्या तळाचा सोन्याचा हंडा हवा होता. पहिल्या पुनवेला राजाने विचारलं, "तळं आटवावं का?" कोळ्यांचा हंबीर उठला, "नको" म्हणाला, आणि शब्द राजाच्या कानी पोचायच्या आत त्याला पंख फुटले.

साळुंकी उडत येऊन बहिणीच्या, मंजुळेच्या, खांद्यावर बसली. मंजुळेने तिला तांदूळ घातले आणि पोटभर रडून घेतलं.

"दादा, मला का नाही सांगितलंस?"

"तू भ्यायली असतीस."

"भ्याले असते. पण बरोबर आले असते."

साळुंकी मान खाली घालून म्हणाली, "तिसऱ्या पुनवेला तळं गेलं की मी कायमचा पाखरू."

मंजुळा तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाकडे गेली. कासव म्हणालं, "शाप पहिल्या बोलणाऱ्याला धरतो. तीन कामं कर. दारोदार जा, पण बोलू नकोस, ऐक. मग सगळ्यांचं मिळून एकच वाक्य कर. मग ते असं बोला, की पहिला कोण हे शापाला उमगू नये."

ऐकणं म्हणजे मंजुळेला शिक्षाच. तिची जीभ कातरीसारखी चालायची. पण ती जिभेला आवरून बसली. कुंभाराची पोर म्हणाली, तळं गेलं तर माती कशाने भिजवू? धनगराच्या पोराला मेंढ्यांची काळजी. एका नव्या सुनेने तर तळ्याचं नावही काढलं नाही, सासूचीच गाऱ्हाणी सांगितली. मंजुळेने तीही ऐकली, आणि पुढे साथ द्यायला सगळ्यांत आधी आली ती हीच सून.

दुसरं काम त्याहून अवघड. जो तो आपला शब्द घुसवायला बघे. मेंढ्या आल्या, मडकी आली, वाक्य मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं. भांडणं झाली, रुसवे झाले, मंजुळेने गूळ-शेंगदाणे वाटून रुसवे काढले. शेवटी उरलं ते एवढंच: "तळं आमचं आहे, आम्हाला विचारा."

दुसरी पुनव मुकीच गेली, तिसरी आली. सभा भरली. राजाने विचारलं, "तळं आटवावं का?"

 हा त्याच्याकडे बघे, तो हिच्याकडे. मंजुळेने ओठ उघडले आणि मिटले, कारण ती बोलली असती तर तीच पहिली ठरली असती. तळं डोळ्यांदेखत चाललं होतं, भाऊही चालला होता. काळजिभ्या मिशीत हसत होता.

तेवढ्यात वर तुळईवरून हाक आली, "हैसा रे!"

जाळं ओढताना कोळी घालतात ती हाक. तळ्याकाठच्या प्रत्येक पोराने ती लहानपणापासून ऐकलेली. हाकेसरशी सगळी तोंडं एकदम उघडली. "तळं आमचं आहे, आम्हाला विचारा."

शाप सभेत उतरला. प्रत्येकाजवळ जाऊन आला, पहिला कोण ते कळेना. हाक घालणारा हंबीर तर आधीच साळुंकी. तिची पुन्हा साळुंकी कशी व्हायची? रिकाम्या हाती परतलेला शाप धन्यालाच बाधतो. काळजिभ्याला पंख फुटले आणि तो खिडकीतून उडून गेला.

धनीच बाधला तसे त्याचे सगळे जुने शाप सुटले, आणि तुळयांवर बसलेल्या साळुंक्यांची माणसं होऊन धपाधप उतरू लागली. कुणी गेल्या साली बोललेलं, कुणी राजाच्या बापाच्या काळी. हंबीर मंजुळेच्या पुढ्यात पडला. तिने आधी त्याचा कान पिळला, मग त्याला मिठी मारली.

राजा म्हणाला, "इतकी वर्षं मी विचारत आलो. कुणी कधी बोललं कसं नाही?"

मंजुळा म्हणाली, "बोलले होते, महाराज. आपण कधी वर पाहिलं नाही."

राजाने मान वर केली. तुळया रिकाम्या होत्या, खाली मात्र पिसांचा खच पडला होता. त्या दिवसापासून सभेत पहिला प्रश्न काळ्या केसांना विचारतात. तळं भरलेलं आहे, हंडा तळाशी आहे. हंबीर अजून तांदूळ दिसले की वेचून खातो, आणि सभेला निघताना आधी बहिणीला हाक मारतो. जशी त्यांना सोबत मिळाली, तशी तुम्हा-आम्हाला मिळो.