समजा, हा डबा

“सगळं येत असताना ऐनवेळी तोंडातून एक वाक्य निघू नये म्हणजे काय, भंते?”

फुलारी सरांनी विचारलं आणि स्वतःच मान हलवली. उत्तर त्यांचं ठरलेलंच होतं. टेकडी चढून ते विहारात आले होते ते नुसता दुजोरा घ्यायला.

भंते खेमरतन ऐकत होते.

“कावेरी नाव पोरीचं. ‘गिव्ह’ हे क्रियापद घेतलंय आम्ही वर्गात. झोपेतून उठवून विचारा, धडाधड वाक्यं म्हणेल. आणि परवा स्पर्धेत पाहुण्यांनी एकच वाक्य विचारलं, तर नुसती उभी! सगळ्या तालुक्यासमोर माझं नाक कापलं. उद्यापासून तिला वर्गात घेणार नाही. काढून टाकणार.”

“ती काय म्हणते?”

“रडते. ‘सर, मला येत होतं,’ म्हणते. येत होतं म्हणे!”

...

सर मनाचे वाईट नव्हते. पण इंग्रजीच्या शिकवणीनं त्यांचं नाव पंचक्रोशीत गाजत होतं, आणि एकदा नाव झालं की माणसाला दुसऱ्याचं अडखळणं सोसवत नाही.

दोघांच्या मध्ये चटईवर एक पितळी डबा होता. तो कौसाबाईचा. सर आले तेव्हा ती पायरीवर बसून होती, आणि भंते आत ध्यानात होते.

“गुरुजी, माझी एसटी चुकंल,” ती म्हणाली होती. “मालकाला जाऊन आज वरीस झालं. त्यांच्या नावानं भंतेजींचं जेवण आणलंय. एवढं त्यांच्या हातात द्या. नुसतं पुढं ठिवू नका बरं का, हातात दिल्याबिगर ते घेत न्हाईत. अन् मागतबी न्हाईत. बाराच्या आत द्या, बारानंतर ते जेवत न्हाईत.”

“हो हो, देतो,” सर म्हणाले होते. डोक्यात तेव्हा कावेरीच्या बापाला काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती. भंतेंचं ध्यान संपल्यावर त्यांनी डबा आत आणला, चटईवर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली.

भंतेंनी हात धुतले. भिक्षापात्र पुढ्यात घेऊन ते बसले. सरांना वाटलं, यांची काहीतरी रीत असेल.

“फार अवघड आहे का हे क्रियापद?” भंतेंनी विचारलं.

“छे! सोप्यातलं सोपं. गिव्ह म्हणजे देणं. इंग्रजीत माणूस काय वाट्टेल ते देतो, भंते. सल्ला देतो, वेळ देतो. फोन कर म्हणायचं तर ‘गिव्ह मी अ कॉल’. तो तिच्याकडं बघून हसला, तर ‘ही गेव्ह हर अ स्माइल’.”

“हसूसुद्धा देतात?”

“देतात!” सर खुलले. शिकवायला लागले की त्यांना तहानभूक आठवत नसे, आणि समोरच्यालाही ती असते हे तर मुळीच आठवत नसे.

“रोजच्यातलं एखादं वाक्य सांगा.”

सरांनी आजूबाजूला पाहिलं. मग डब्याच्या झाकणावर टिचकी मारली.

“समजा, हा डबा. आय गिव्ह यू द टिफिन. मी तुम्हाला डबा देतो.”

भंतेंचे हात किंचित पुढं आले.

“आता तेच झालेलं सांगायचं. आय गेव्ह यू द टिफिन. दिला.”

हात तिथंच थांबले...

“आय विल गिव्ह यू द टिफिन. देईन.”

हात सावकाश मांडीवर परत गेले.

सर पुढं निघाले. गिव्ह बॅक म्हणजे परत करणं. गिव्ह इन म्हणजे नमतं घेणं. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं. प्रत्येकाचं वाक्य, वाक्याचा अर्थ, त्यात मुलं हमखास करतात त्या चुका. भंते मन लावून ऐकत होते. असा श्रोता सरांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

खाली साखर कारखान्याचा भोंगा झाला. बारा वाजले.

भंतेंनी भिक्षापात्र उचललं, कोरडंच होतं ते, तरी पुसलं आणि पालथं घालून बाजूला ठेवलं.

सरांची नजर पात्रावर गेली. मग डब्यावर. मध्येच त्यांचं वाक्य तुटलं.

त्यांनी घाईनं डबा उचलला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. “भंते, घ्या! आत्ता तर भोंगा झाला... घ्या ना!”

भंतेंनी हात जोडले. “आता नाही, सर.”

“एका शब्दानं तरी बोलायचं होतं...”

भंते नुसते हसले. रागाचा लवलेशही त्या हसण्यात नव्हता, आणि तेच सरांना सोसेना. त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. वर्षभर तिनं या दिवसाची वाट पाहिली असणार. सरांना भडभडून आलं.

“बाईंनी नीट समजावून सांगितलं होतं, भंते. डबा माझ्या हाताशी होता. मला सगळं माहीत होतं... तरी माझ्याच्यानं झालं नाही.”

...

“खाली ऊसतोडवाल्यांची पालं आहेत,” भंते म्हणाले. “तिथं पोरं असतील. जाताना तिथं द्या. आणि उद्या परत या.”

सरांनी डोळे पुसले. “माझ्यासारख्याला परत येऊ द्याल?”

भंते उठले आणि दार सताड उघडून उभे राहिले.

“तुमच्यासारख्यांना काढून टाकलं, सर... तर विहार कुणासाठी ठेवायचा?”