धूर कोंडणाऱ्या चुलीची सनद

फार पूर्वी एका नगरीत हैबती नावाचा कुंभार राहायचा आणि त्याला आपल्या डोक्याचा भारी अभिमान होता. अभिमान खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढची गोष्ट ऐकून तुम्ही त्याला उगाच मूर्ख ठरवाल.

त्या काळी त्या राज्यात नव्या युक्त्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. एकाने पायाने हलवायचा पाळणा काढला, दुसऱ्याने ढेकूण पकडणारी खाट काढली. एका वृद्ध गृहस्थांनी तर पगडी न उतरवता डोकं खाजवायची काडी काढली आणि दिवाणांना भेट म्हणून पाठवली. दिवाणांनी ती परत केली नाही. हे सगळं पाहून राजाने कायदा केला. जो कोणी नवी, उपयोगाची युक्ती शोधेल, त्याला सनद मिळेल आणि मग बारा वर्षं ती वस्तू त्याच्याशिवाय कोणी करायची नाही. बारा वर्षं सरली की ती सगळ्यांची. आज आपण ज्याला पेटंट म्हणतो, तसलाच हा प्रकार.

अट मात्र एक होती. दरबारात यायचं आणि आपल्याच धंद्यातल्या दुसऱ्या माणसाला ती युक्ती तोंडाने सांगायची, एकदाच. तो दुसरा माणूस कोण, ते चिठ्ठी टाकून ठरायचं. त्याने नुसतं ऐकून ती वस्तू घडवायची. घडली आणि चालली, तर सनद. राजा म्हणायचा, "तू राज्याला पुरी युक्ती दे, राज्य तुला पुरी बारा वर्षं देईल."

हैबतीने काढली होती बिनधुराची चूल. चुलीच्या मागे मातीचा उभा नळ, थेट छपराबाहेर गेलेला. धूर नळातून वर जावा आणि स्वयंपाक करणारीचे डोळे कोरडे राहावेत, अशी कल्पना. पण चूल सुरुवातीला भलतीच अडेल निघाली. सकाळी पेटवली की वर जायचं सोडून सगळा धूर घरात. हैबती डोकं धरून बसला. शेवटी त्याच्या बायकोला, चांगुणाला, राहवेना.

"अवो, त्यो नळ गारठलाय," ती म्हणाली. "गारठलेल्या माणसाला आधी शेक देत्यात, मग कामाला लावत्यात."

तिने नळाच्या बुडाशी तळहाताएवढी खिडकी पाडली. पेटलेल्या गवताची चूड तिच्यातून आत धरली, नळ ऊन झाल्यावर खिडकीला मातीचं झाकण लावलं आणि मग चूल पेटवली. धूर सुतासारखा सरळ वर गेला. हैबती आनंदाने अंगणभर नाचला. नळ आपला, म्हणून नळाला पाडलेली खिडकीही आपलीच, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. चांगुणाने वाद घातला नाही. तिला धूर जाण्याशी मतलब होता.

सनदेसाठी हैबती दरबारात गेला. नगरीतल्या कुंभारांच्या नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकल्या, एक उचलली, आणि भालदाराने नाव पुकारलं, "गोंदाजी कुंभार!"

हैबतीने कपाळावर हात मारला.

गोंदाजी त्याच्याच आळीतला. मागे हैबतीने गुळासाठी एक गाडगं काढलं होतं, गळ्याभोवती पाण्याची पन्हळ असलेलं, म्हणजे मुंग्या गुळापर्यंत पोचू नयेत. गोंदाजीने ते बाजारात पाहिलं आणि पुढच्या बाजाराला तसलीच गाडगी घेऊन बसला. तेव्हा सनदेचा कायदा नव्हता, म्हणून कोणाला काही म्हणता आलं नाही. पण हैबतीच्या मनातून ते गेलं नव्हतं. दोघांच्या बायका ताक-विरजण देत-घेत होत्या, दोघे नवरे मात्र समोरून आले तर आभाळाकडे बघत जायचे.

आता ह्याच माणसापुढे बसून सगळं सांगायचं! हैबतीने हातातली भाकरी ताटातच ठेवली. चांगुणाने विचारलं, तर "काही न्हाय" म्हणाला.

ठरल्या दिवशी दोघांना दरबाराच्या आतल्या चौकात बसवलं. युक्ती सनदेआधी फुटू नये म्हणून तिसरं कोणी जवळ नव्हतं. भालदार दाराबाहेर उभा. आधी गोंदाजीने आपल्या चाकाची शपथ घेतली, "सांगितलं तेवढंच करीन. पदरचं घालणार न्हाय, काही गाळणार न्हाय. मोडली शपथ, तर चाक सरकारजमा." कुंभाराचं चाक गेलं म्हणजे काय गेलं, ते कुंभारालाच विचारावं.

मग हैबती सांगू लागला. चुलीचं तोंड केवढं, नळ किती जाड, सांधे कशाने लिंपायचे, सगळं तपशिलाने सांगितलं. नळाच्या बुडापाशी आला आणि थांबला. खिडकी जिभेवर होती. त्याने समोर बसलेल्या गोंदाजीचे हात पाहिले आणि त्याला ती गाडगी आठवली.

"मग छपराबाहेर काढायचा," तो म्हणाला. खिडकी त्याने गिळली.

"आनखी काही, हैबती?" गोंदाजीने विचारलं.

"न्हाय."

"बघ बरं. घाई न्हाय. एकदाच सांगायचं असतंय."

"सांगितलं न्हवं न्हाय म्हणून! तुला कळत नसंल तर तसं बोल."

गोंदाजीने बाह्या सावरल्या. त्याने एकदा हैबतीकडे पाहिलं आणि माती मळायला घेतली.

हैबती घरी आला तो खुशीत. त्याचा बेत असा होता की चूल थोडीफार धुरकटेल, पण नळ आहे म्हटल्यावर धूर बराचसा वर जाईल आणि तेवढ्यावर सनद मिळेल. खरी मेख मात्र आपल्यापाशीच राहील. बारा वर्षांनीसुद्धा लोक आपल्याच दाराशी येतील! हातचं राखून सांगण्यात केवढी मजा आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं.

राजवाड्याच्या मुदपाकखान्यात चूल उभी राहिली, वाळली, आणि पेटवायचा दिवस आला. राजे आले, राणीसाहेब आल्या, दिवाण आले. एका कोपऱ्यात हैबती, दुसऱ्यात गोंदाजी. आचाऱ्याने लाकडं रचून विस्तव घातला.

धूर आधी नळात शिरला, तिथल्या गारठ्याला भ्याला आणि सगळाच्या सगळा माघारी आला. बघता बघता मुदपाकखाना दिसेनासा झाला. राणीसाहेब पदर नाकाला लावून बाहेर पळाल्या. राजे खोकत खोकत भलत्याच दाराने निघाले आणि कोठीघरात जाऊन अडकले. दिवाणांची पगडी कोणाच्या तरी पायाखाली आली, तिच्यातून ती डोकं खाजवायची काडी घरंगळत बाहेर पडली. आचाऱ्याने चुलीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चौकात येऊन सगळ्यांनी डोळे पुसले. दिवाण कडाडले, "हीच का तुझी बिनधुराची चूल?"

हैबती दोन पावलं पुढे आला. सनद हातची चाललेली दिसली आणि तो ओरडून गेला, "सरकार, माझी चूल ब्येस हाय! घरी येऊन बघा! ह्यानं... ह्यानंच बिघडवली!"

बोलून तर गेला. दिवाण गोंदाजीकडे वळले. "शपथ मोडलीस? आता हैबतीची चूल बघतो. ती बिनधुराची निघाली, तर तुझं चाक आजच्या आज सरकारजमा."

गोंदाजीचा चेहरा मातीसारखा झाला. तो हैबतीकडे बघत राहिला. हैबतीने ह्या वेळी आभाळाकडे पाहिलं, पण आभाळात त्याला चाक दिसू लागलं.

सगळी वरात कुंभारआळीत आली. वाटेत हैबतीचे पाय मागे मागे पडत होते. गोंदाजीने आपली युक्ती चोरू नये, एवढंच त्याला हवं होतं. त्याचं चाक जावं, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

घरी चांगुणाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. दारात राजे-राणी बघून ती गडबडली, पण दिवाणांनी चूल पेटवायला सांगितली तशी सावरली. रोजच्यासारखी तिने खिडकीतून चूड आत धरली, नळाला शेक दिला, झाकण लावलं आणि चूल पेटवून तव्यावर भाकरी टाकली. धुराचं नाव नाही. राणीसाहेब चुलीपाशी वाकून बघू लागल्या.

"ही खिडकी कसली?" दिवाणांनी विचारलं. "वाड्यावरच्या चुलीला नव्हती."

"म्हंजी?" चांगुणा नवऱ्याकडे वळली. "अवो, खिडकी सांगितली न्हाय व्हय तुम्ही?"

हैबतीने मान खाली घातली. तव्यावरची भाकरी तेवढी फुगत होती.

"हैबती," दिवाण म्हणाले, "चौकात तुम्ही दोघंच होतात. तू सांगितलीस आणि ह्याने गाळली, की तू सांगितलीच नाहीस?"

सांगितली म्हटलं की सनद मिळत होती. गोंदाजीच्या शब्दाला विचारतं कोण? हैबतीने मान वर केली. गोंदाजी उंबऱ्याशी उभा होता. आपले दोन्ही हात त्याने एकमेकांत घट्ट धरले होते आणि बोटांच्या पेरांत अजून वाड्यावरच्या चुलीची माती होती.

"न्हाय सांगितली, सरकार," हैबती म्हणाला. "म्या हातचं राखलं. गोंदाजीनं म्या सांगितलं तसंच क्येलं. त्याची काडीची चूक न्हाय. आन् खिडकी माझी न्हवंच, हिची हाय."

बोलल्यावर त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोकळं जास्त वाटलं. गोंदाजीचा जीव भांड्यात पडला.

दिवाणांना राग आला होता, पण नवलही वाटत होतं. ते गोंदाजीला म्हणाले, "अरे, मग मघापासून तोंडाला कुलूप लावून का उभा आहेस?"

"काय बोलू सरकार? त्याच्या दारात, वहिनींच्या म्होरं त्याला खोटा पाडायचा, जीभ उचलंना." गोंदाजी घुटमळला. "आन् खरं सांगू का? खिडकी मला ठावं व्हती."

"काय?" हैबती जवळजवळ किंचाळला.

"गेल्या हिवाळ्यापास्नं. वहिनींनी आमच्या कारभारणीला, गजराला, सांगितली. तिनंच आमच्या घरची चूल तशी घातली, म्या हात लावला न्हाय."

सगळ्यांनी चांगुणाकडे पाहिलं. ती भाकरी उलटत म्हणाली, "मग? त्या गजराचं डोळं बोरावानी लाल झालं व्हतं. बघत बसू? तिलाच न्हाय, साऱ्या आळीला सांगितली. माझ्या म्हायेरलाबी सांगितली."

म्हणजे ज्याच्यापासून खिडकी लपवायला हैबतीने एवढा आटापिटा केला, त्याच्याच घरात ती कधीचीच उघडी होती! एवढा आभाळाकडे बघत जायचा, पण आळीतल्या छपरांवरचे नळ काही त्याला कधी दिसले नव्हते.

"आणि माहीत असून तू वाड्यावर पाडली नाहीस?" राजांनी गोंदाजीला विचारलं. कोठीघरातून सुटल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते.

"सांगितलं तेवढंच करायची शपथ व्हती, महाराज. म्या त्याला इचारलं, आनखी काही हाय का. त्यो न्हाय म्हणाला." मग तो हैबतीकडे बघून हळूच म्हणाला, "तुझी गाडगी एकदा उचलली व्हती. पुन्यांदा तुझी चीज तुझ्या सांगण्याबिगर करायची न्हाय, असं ठरवलंया म्या."

हैबती पुढे झाला. त्याने उंबऱ्यापर्यंत जाऊन गोंदाजीचा हात धरला आणि आत ओढलं. "आत ये की. भाईर काय हुबा ऱ्हायलास?"

मग दिवाणांनी निवाडा केला. ते म्हणाले, "सनद सांगितलेल्या युक्तीची मिळते, राखलेल्या युक्तीची नाही. खिडकी दरबारात सांगितली असती, तर बारा वर्षं तुझी होती. सांगितली नाहीस, आता ती सगळ्यांची. पण हैबती, शेवटी तू खरं बोललास, म्हणून तुला रिकाम्या हाताने पाठवत नाही. तू दरबारात धूर कोंडणारी चूल सांगितलीस. ती नवी आहे, आणि चालते हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. तिची सनद तुला दिली! बारा वर्षं अशी चूल तुझ्याशिवाय कोणी करायची नाही."

राणीसाहेब इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. हैबतीही हसला, आधी ओशाळून आणि मग पोट धरून. चांगुणाने सगळ्यांना गरम भाकरी वाढली.

वाड्यावरच्या चुलीला दुसऱ्याच दिवशी हैबती आणि गोंदाजीने मिळून खिडकी पाडली. पाठोपाठ नगरीतल्या घराघरांतून बोलावणी आली, आणि एकट्याला उरकेना म्हणून दोघे मिळूनच करू लागले. पुढे हैबतीने पाणी गार ठेवणारा दुहेरी माठ काढला. चिठ्ठीत नाव भलत्याच कुंभाराचं निघालं, तरी हैबतीने त्याला एवढं बारीक सांगितलं की तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बास की हैबतीदादा, माती सुकाय लागली!" ह्या वेळी राजांच्या परवानगीने चांगुणा शेजारी बसली होती, काही राहिलं तर आठवण करायला. त्या माठाच्या सनदेवर नावं हैबती आणि चांगुणा दोघांची आली, आणि गोंदाजीने बारा वर्षं तसला माठ घडवला नाही.

पण हैबतीने दर्शनी भिंतीवर लावली ती पहिलीच सनद. चांगली लाखेची मोहोर असलेली, धूर कोंडणाऱ्या चुलीची. नवं गिऱ्हाईक आलं आणि वाचून बुचकळ्यात पडलं की हैबती त्याला बसवून घ्यायचा, गूळ-पाणी द्यायचा आणि सगळी हकिकत सांगायचा. खिडकी गिळली तिथपासून गोंदाजीचा हात धरला तिथपर्यंत, काही न गाळता. बारा वर्षं कोणी त्या सनदेचा भंग केला नाही, आणि बारा वर्षं सरल्यावरही कोणाला करावासा वाटला नाही.

तात्पर्य: आपण जगाला मोकळेपणाने जेवढं देतो तेवढंच आपल्या नावावर राहतं, हातचं राखलेलं धुरासारखं कुठून ना कुठून बाहेर पडतं, आणि आधी आपल्याच डोळ्यांत जातं.