सरपंचांच्या भिंतीवरची फुली

सरपंच गव्हाणेअण्णांनी नातवाला पोलिओचा डोस द्यायला साफ नकार दिला. त्यांचं बघून आणखी चार घरं अडून बसली. गावची आशा कार्यकर्ती सुगंधानं नियमाप्रमाणे अण्णांच्या नव्या रंगाच्या भिंतीवर खडूनं फुली मारली. डोस राहिलेल्या घराची ती खूण.

अण्णा भर चौकात तिच्यावर बोट रोखून कडाडले, “सातवी पास बाई तू, आणि माझ्या भिंतीवर फुली? आत्ताच्या आत्ता पूस!”

“पुसते की अण्णा,” सुगंधा म्हणाली. “पण तुमचं बोट काय कामाचं? नातवाचं दाखवा. डोसानंतरची शाई करंगळीवर दिसली, की फुली गेलीच समजा.”

चौक खदखदून हसला.

तासाभरात अण्णा नातवाला कडेवर घेऊन हजर! मागं चारही घरांची पोरं. डोस झाल्यावर नातवाची निळी करंगळी अण्णांनीच उंच धरून गावाला दाखवली. सुगंधानं पदरानं फुली पुसली.