निरीक्षकसाहेबांची खुर्ची आणि मुकं इंजिन

आगरवेळच्या खाडीत भिकाजी तांडेल प्रवासी होडी चालवत. परवान्याच्या नूतनीकरणासाठी निरीक्षक घारपुरेसाहेब कारकुनाला घेऊन होडी तपासायला आले. फळीवर बसणं पदाला शोभत नाही, म्हणून कचेरीतली खुर्चीही बरोबर आली, पाठीवरच्या टॉवेलसकट.

साहेब मागच्या बाजूला, इंजिनाजवळ स्थानापन्न झाले. तांडेलांनी दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. दहा वेळा ओढली, तरी तेच.

"लिहा," साहेब कारकुनाला म्हणाले, "इंजिन नादुरुस्त. परवाना रद्द."

तांडेलांनी टाकी हलवून पाहिली, पेट्रोल होतं. नळीवरचा रबरी पंप दाबला, तो चपटाच राहिला. म्हणजे टाकीतलं पेट्रोल पुढे येतच नव्हतं. नळीवरून सरकत त्यांची नजर खुर्चीच्या पायाशी थांबली.

"साहेब, इंजिन न उघडता दुरुस्त करतो. आपण फक्त क्षणभर उभं राहावं."

"मी? इंजिनासाठी?"

साहेब कुरकुरत उठले. तांडेलांनी खुर्ची वीतभर सरकवली, पंप दाबून दोरी ओढली. इंजिन सुरू झालं.

"काय बिघडलं होतं?"

"खुर्चीच्या पायाखाली नळी दबली होती. शेरा हवा तर तोच ठेवा साहेब. फक्त कारणाच्या रकान्यात खुर्चीचं वजन लिहा, आणि तिच्यावर बसलेल्यांचंही."

कारकुनाने अदबीने विचारलं, "आपलं किती लिहू, साहेब?"

साहेबांनी शेरा खोडला आणि परवान्यावर तिथेच सही केली. परतीला ते फळीवर बसले. टॉवेल मात्र अंथरून घेतला.