करपलेल्या भाकरीची कॉफी

“तात, ही कॉफीची झुडपं मुळासकट उपटू, की जाळून टाकू?”

लुकासनं तातांच्या अंगणात उभ्याउभ्याच विचारलं. खांद्यावर कुऱ्हाड. आदल्याच दिवशी कॉफीच्या मळ्याची जमीन गावाला परत मिळाली होती, आणि वरचा तुकडा त्याच्या वाट्याला आला होता.

आमच्या ग्वाटेमालाच्या डोंगरात वडीलधाऱ्याला तात म्हणतात. गास्पार तात तर साऱ्या गावाचे. काही करायचं तर आधी त्यांना विचारायचं. मी तिथंच मका सोलत बसले होते, म्हणून सांगते.

“का रे उपटायची?”

“का म्हणून काय विचारता? इथं आपला मका होता. शिपायांनी पणज्याला दोरीनं बांधून आणलं, त्याच्याच शेतात त्याच्याच हातानं ही कॉफी लावून घेतली. आजा टोपल्या वाहून वाकला. आई अजून वाकलेलीच आहे. मला या कॉफीचं तोंड बघायचं नाही.”

“खरं आहे,” तात म्हणाले. “सकाळी कॉफी घेतलीस?”

“झाडांचं विचारलं मी तात, न्याहारीचं नाही.”

“घेतलीस का?”

“घेतली. रोजच घेतो.”

“कशाची?”

“कशाची म्हणजे... करपलेल्या भाकरीची. सगळ्यांकडं असते तीच.”



खरंच होतं ते. मक्याची भाकरी तव्यावर काळी करायची, कुटायची, उकळायची, आणि तिलाच कॉफी म्हणायचं. झाडावरचं बी बोटीत बसून परदेशी जायचं.

तात उठले. गेल्या वेचणीचं मूठभर वाळकं बी तव्यावर टाकलं. लुकासच्याच तुकड्यातलं. वास असा सुटला, की पायरीवरची कुत्रीसुद्धा उठून बसली. मग ते कुटलं, उकळलं आणि वाटी लुकासपुढं केली.

“बस. ही पी, मग काय उपटायचं ते उपट.”

लुकासनं घोट घेतला...

दुसरा घेतला...

“तात, आईनं ही कधी...?”

“तिनं जन्मभर खुडली.”

“प्यायली का, विचारतोय.”

तातांनी उरलेली कॉफी मडक्यात ओतली, तोंडाला केळीचं पान बांधलं आणि मडकं त्याच्यापुढं धरलं. लुकासनं ते एकाच हातानं घेतलं. मडकं कललं.

“कुऱ्हाड राहू दे इथंच,” तात म्हणाले. “मडक्याला दोन्ही हात लागतात.”