खारबांधाच्या सांध्याची कहाणी

ऐक बांधमाय, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं, खाडीच्या तोंडाशी होतं. पुढे खारं पाणी, मागे भाताची शेतं, मधे मातीचा बांध. बांध होता म्हणून भात होता, भात होता म्हणून गाव होतं. पूर्वी सारा गाव मिळून बांध लिंपायचा. मग एका साली म्हातारे भांडले. ह्याचा लेक उशिरा आला, त्याच्या सुनेची चिखलाची पाटी अर्धीच होती. मग त्यांनी दोरी आणली, बांध मोजला, वाटे पाडले, वाट्यावाट्यावर दगड रोवले. ज्याचा वाटा त्यानं लिंपावा. मोठं शहाणपण केलंसं त्यांना वाटलं. पण दोन वाट्यांच्या मधे सांधा राहिला. तो कुणीच लिंपला नाही. इकडे खाडी दर साली बोटभर चढत होती. म्हातारे म्हणत, "आमच्या जन्मात पाणी इथवर आलं नाही." जसं काही पाणी त्यांना विचारूनच येणार होतं.

त्या गावात बामी नावाची सून होती. नवरा गलबतावर गेलेला, घरात सासरा, मांडीवर तीन महिन्यांची लेक. ज्येष्ठाची अमावास्या जवळ आली. भर दुपारी वारा पडला, कावळे गप झाले. खाडीकडून एक म्हातारी आली. लुगडं ओलं, केस ओले. मागे पावलं उमटत होती, ती उन्हात वाळत नव्हती.

मग ती पाटलाच्या दारी गेली. "बाबा, सांधा कुणाचा?" पाटील सुपारी कातरत होता. म्हणाला, "माझ्या दगडाच्या आत नाही. भगताला विचार." म्हातारी म्हणाली, "बरं. मग माझा."

मग ती भगताच्या दारी गेली. "बाबा, सांधा कुणाचा?" "देवाचा असेल. देव बघेल." "बरं. मग माझा."

मग ती बामीच्या दारी आली. बामी उंबऱ्याशी लेकीला पाजत होती. ओट्यावरनं सासरा म्हणाला, "सांधा राजाचा. अर्ज धाडलाय, उत्तर येईल." म्हातारी म्हणाली, "बरं. मग माझा." म्हणाली सासऱ्याला, बघत होती लेकराकडे. बामीनं पाहिलं, म्हातारीची पापणी लवत नव्हती.

पहिल्या दिवशी विहीर खारट झाली. दुसऱ्या दिवशी चुलीवरची पेज खारट झाली. तिसऱ्या दिवशी लेकीनं दूध तोंडात घेतलं, तोंड वेंगाडलं, मान फिरवली. बामीनं बोट लावून चाखलं. दूध खारट झालं होतं. लेकीच्या ओठांवर मिठाची पांढरी रेघ धरली होती.

बामी म्हणाली, "मामंजी, सांध्यातनं पाणी शिरतंय. चला."

"आपल्या वाट्यात नाही तो. लोक हसतील."

"हसू देत. खारट तोंडानं किती हसतील?"

सासरा कूस बदलून निजला. मग बामी एकटी गेली. ओहोटीला सांध्यात पाटी टाकली, भरतीनं नेली. दुसऱ्यांदा टाकली, भरतीनं नेली. तिसऱ्यांदा टाकायला गेली, तर सांध्यात म्हातारी बसलेली. कमरेखाली नुसतं पाणी.

बामीनं पाटी कमरेला टेकवली, म्हणाली, "सांधा माझा."

"एकटीचा? एकटीचा मी दोनदा नेला. विहीर नेली, पेज नेली, दूध नेलं. अमावास्येला दूध पिणारी नेईन."

"मग काय करू, माय?"

"काय करू असं विचारणारी तू पहिलीच. वसा सांगते, घेशील, विसरशील."

"विसरणार नाही."

"अमावास्येच्या भरतीआधी सगळ्यांनी बांधावर यावं. पहिली पाटी शेजाऱ्याच्या वाट्यावर टाकावी, मग आपल्या. मधे कुणाचा दगड ठेवू नये. दर साली बांध बोटभर चढवावा. मी चढणार आहे, मी थांबायची नाही. तुम्ही चढा."

मग बामी पाटलाच्या सुनेकडे गेली, भगताच्या लेकीकडे गेली, घराघरांत गेली. सगळ्यांच्या तान्ह्यांच्या ओठांवर रेघ होती. कुणाला समजवावं लागलं नाही. बामीनं पहार घेतली आणि पहिल्यानं सासऱ्याचाच दगड उखडला. सासरा धावत आला. "सूनबाई, वाडवडलांचा दगड आहे."

"वाडवडलांचा बांध होता, मामंजी. दगड तुम्ही रोवलात."

मग दगड सगळे सांध्यात गेले, वर चिखल गेला. पहिली पाटी शेजाऱ्याच्या वाट्यावर, दुसरी आपल्या. म्हातारे ओट्यावर बसून चुका काढत होते. पाणी ओट्याच्या पायरीला लागलं, तेव्हा उठले. पाटलानं पाटी उचलली, जड लागली. ती कुणी त्याच्या हातातनं घेतली नाही.

अमावास्येची भरती आली. पाण्यासंगं म्हातारी आली, बांधाच्या काठोकाठ उभी राहिली. "सांधा कुणाचा?" बाया म्हणाल्या, "आमचा." "सांधा कुणाचा?" पोरं म्हणाली, "आमचा." "सांधा कुणाचा?" म्हातारे खाली मान घालून म्हणाले, "आमचा." बामीचा सासरा तेवढा गप्प. त्याच्या पायाखालची माती पाझरायला लागली. बामीनं लेक त्याच्या हातात दिली. त्यानं त्या ओठांकडं पाहिलं, मग म्हणाला, "माझा. माझाच होता."

पाझर थांबला. पाणी बोटभर उतरलं. लेक रडली, बामीनं छातीशी घेतली, लेक घटाघटा प्याली.

बामीच्या उंबऱ्यावरची म्हातारीची ओली पावलं मात्र राहिली. सारवली, लिंपली, वाळत नाहीत. ज्येष्ठ आला की त्यांत पाणी भरतं आणि गाव पाट्या उचलतं.

बामीची लेक जशी प्याली, तशी तुमची-आमची लेकरं गोड दूध पिवोत. ऐकणाऱ्यांनो, घरी जाण्याआधी सांधा बघून जा. ही खाऱ्या पाण्याची कहाणी, गोड्या तोंडी सुफळ, पाटी-पाटीनं संपूर्ण.