बोरखेडचा गुप्तहेर

बोरखेडात नवनाथ नावाचा एक भोळा गडी राहत होता. तसे भोळे त्या गावात बरेच होते, पण बाकीच्यांना कामधंदे होते. नवनाथ दिवसभर मुनीरभाईच्या मोबाइलच्या दुकानात बसायचा.

तिथे एक नवा खेळ आला होता. म्हणजे पुरता आला नव्हता, दिवाळीत यायचा होता. लोकांनी वाट बघत बसावं म्हणून पहिला भाग तेवढा फुकट सोडला होता. खेळाचं नाव 'सावली'. त्यात एक गुप्तहेर शत्रूच्या किल्ल्यात शिरतो, बातमी काढतो आणि कुणाच्या हाती न लागता परत येतो. नवनाथने तो पहिला भाग एकशे बारा वेळा खेळला. एकदाही पकडला गेला नाही. घरी साखर खाताना मात्र रोज पकडला जायचा.

त्याला एक धाकटी बहीण होती, वनिता. सगळी अक्कल तिच्या वाट्याला गेली होती. तिला नेवरगावच्या अंकुशचं स्थळ आलं. पोहे झाले, पसंती झाली, रविवारी सुपारी फोडायची ठरली. पण वनिताचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. अंकुश मान खाली घालून पोहे खाऊन गेला होता, त्यावरून माणूस काय कळणार?

"पोहे खाताना सगळेच गुणाचे दिसत्यात," ती म्हणाली. "माणसांशी कसा वागतो तेवढं कुणीतरी गुपचूप बघून या. मग मी हो म्हणते."

तिचं काय चुकलं? जन्माचा प्रश्न होता. पण जाणार कोण? घरातल्या सगळ्यांना पाहुण्यांनी पाहिलं होतं. एकटा नवनाथ त्या दिवशी मुनीरभाईच्या दुकानात होता. जालिंदरमामाने कपाळाला हात लावला आणि मग तोच हात नवनाथच्या खांद्यावर ठेवला.

"नवनाथ, नेवरगावला जा. अंकुशची चौकशी कर. फक्त कुणाच्या नजरेत येऊ नगंस."

"मामा, हे तर माझं रोजचंच काम हाय," नवनाथ म्हणाला.

मंगळवारी तो नेवरगावच्या फाट्यावर एसटीतून उतरला आणि लगेच कमरेत वाकला. खेळात हेर वाकूनच चालतो. भर अकरा वाजता, भर रस्त्यात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तो वाकून पळाला. एका म्हातारीला वाटलं, कंबर धरली बिचाऱ्याची. ती तेलाची वाटी घेऊन मागे लागली. खेळात खडा मारला की पहारेकरी तिकडे बघायला जातो. नवनाथने खडा मारला. तो पारावरच्या पत्र्यावर वाजला, आणि पारावरची सगळी माणसं उठून इकडे बघायला आली. मग तो कडब्याच्या गंजीत शिरला. तिथे एक गाय कडबा खात होती. तिने कडब्याबरोबर त्याचा शर्टही ओढायला घेतला. अर्ध्या गावाने मिळून त्याला बाहेर काढलं.

घरी आल्यावर मामाने विचारलं, "काय बातमी?"

"म्हातारी लई मायाळू हाय," नवनाथ म्हणाला.

"आरं, लपलास की लोक बघणारच! उघड्यावर राहायचं, चारचौघांत मिसळायचं. लोक करतील ते करायचं. म्हणजे कुणाला संशय येत न्हाई."

"आत्ता कळलं," नवनाथ म्हणाला.

गुरुवारी सकाळी तो परत गेला. ताठ चालला. नदीकाठी पन्नासभर माणसं जमली होती. नवनाथ चारचौघांत मिसळला. गावातल्या एका म्हाताऱ्याचा दहावा होता. भावकीतली माणसं न्हाव्यापुढे रांगेने बसून डोकी करून घेत होती. नवनाथ रांगेत बसला.

"तुम्ही कुठले?" न्हाव्याने विचारलं.

"ह्यांच्यातलाच," नवनाथ म्हणाला. न्हाव्याचं काय जातंय? त्याने वस्तरा फिरवला.

पुढे पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. म्हाताऱ्याची काहीतरी इच्छा राहिली असणार. थोरला पुढे झाला, म्हणाला, "आबा, नातीचं लग्न थाटात करू." कावळा हलला नाही. धाकटा म्हणाला, "आबा, वाटणीवरून भांडणार न्हाई." कावळ्याने त्याच्यावर तर विश्वासच ठेवला नाही. मग नवनाथही पुढे झाला. लोक करतील ते करायचं. हात जोडून म्हणाला, "आबा, काळजी करू नगा. मी हाय."

कावळा झटकन खाली आला आणि पिंडाला शिवला.

म्हाताऱ्याच्या बायकोने डोळे पुसायचं थांबवलं आणि ती या नव्या पोराचे नाकडोळे नीट निरखायला लागली. थोरला धाकट्याकडे बघायला लागला. नवनाथने तेवढ्यात एसटी गाठली म्हणून बरं.

घरी दारातच आई किंचाळली. बाप जिवंत असताना पोराने डोकं केलेलं! आप्पा ओसरीवर चहा पीत होते. ते म्हणाले, "आरं, मी हाय की अजून!"

मामाने पुन्हा कपाळाला हात लावला. "नुसतं मिसळून भागत न्हाई. आपण कोण, कशाला आलो, ह्याची एक गोष्ट ठरवून जायची. तू म्हशीचा गिऱ्हाईक. म्हैस बघायला आलास. आन डोक्याचं कुणी विचारलं तर म्हण, वडील गेले. मग पुढं कुणी काही विचारत न्हाई."

"जालिंदर, मी इथं बसलोय!" आप्पा म्हणाले.

"दाजी, दोन तासांचा तर प्रश्न हाय. आन नवनाथ, नीट ऐक. काहीही झालं तरी ही गोष्ट सोडायची न्हाई. सोडलीस की पकडला गेलास."

पकडला गेलास म्हटल्यावर नवनाथच्या अंगावर काटा आला. एकशे बारा डावांची अब्रू होती.

शुक्रवारी तो म्हशीचा गिऱ्हाईक होऊन गेला. लोकांनी त्याला विकाऊ म्हैस दाखवली, आणि ती नेमकी अंकुशच्याच दारात बांधलेली निघाली. अंकुशने त्याचं डोकं बघितलं आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"वडील," नवनाथ म्हणाला.

अंकुशने आधी त्याला जेवायला वाढलं. मग बाजूला घेऊन म्हणाला, "पाहुणं, खरं सांगू? ही म्हैस घेऊ नगा. लाथाळ हाय. आधीच तुमच्यावर दुःख, त्यात कशाला फसवू?" आणि स्वतःच्या गाडीवरून त्याला फाट्यावर सोडून आला.

नवनाथने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. वनिताने सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "झालं," ती म्हणाली. "मला पसंत हाय." साऱ्या घराला हायसं वाटलं. त्या आनंदात एक गोष्ट राहून गेली. कामगिरी संपली, असं नवनाथला कुणीच सांगितलं नाही.

रविवारी नेवरगावची मंडळी आली. मांडवात शिरताच अंकुशने नवनाथला ओळखलं.

"अहो, तुम्ही? इथं?"

"म्हैस बघायला आलोय," नवनाथ म्हणाला.

अंकुश हळहळला. त्याने आपल्या आजीला सांगितलं, "ह्यांचे वडील नुकतेच वारले." आजीने नवनाथच्या टकलावरून हात फिरवला. ती जुन्या वळणाची बाई होती आणि तिच्या होकाराशिवाय त्या घरात पान हलत नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "मुलीच्या वडिलांनी टिळा लावावा. भावाने नारळ घेऊन यावं."

आप्पा नवा फेटा बांधून पुढे झाले. नवनाथ जागचा हलला नाही.

"नवनाथ, ये की बाळा," आप्पा म्हणाले.

"हा तुमचा कोण?" आजीने विचारलं.

"माझा लेक."

अंकुश म्हणाला, "पण ह्यांचे वडील तर गेले ना?"

सगळ्यांनी नवनाथकडे बघितलं. मामा मागून मानेने खुणा करत होता. आई हात जोडत होती. आतल्या दारातून वनिता कळवळून म्हणाली, "दादा, खरं सांग रे!"

नवनाथने बापाकडे नीट बघितलं. पण हेर म्हणजे हेर. "गेले हो माझे वडील!" त्याने हंबरडा फोडला. "हे गृहस्थ कोण, मला म्हाईत न्हाई!"

आजीने मान वळवली. हिरवं लुगडं नेसून, हातभर चुडा भरून आणि कपाळभर कुंकू लावून उभ्या असलेल्या नवनाथच्या आईला तिने पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मग बाई, हे कुंकू कुणाच्या नावाचं?"

आईच्या हातातलं तबक खाली पडलं. आप्पांनी फेटा काढून खाटेवर ठेवला. नेवरगावची मंडळी चपला शोधायला लागली.

तेव्हा वनिता बाहेर आली. सुपारी फुटायच्या आधी नवरीने बोलू नये, पण ती बोलली. गंज सांगितली, कावळा सांगितला, म्हैस सांगितली. "मला तुमचा स्वभाव बघायचा होता," ती अंकुशला म्हणाली. "म्हणून भावाला पाठवलं. आमच्याकडं पाठवायला हा एकच होता."

अंकुश हसायला लागला. गुडघ्यावर हात मारून मारून हसला. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "आजी, ज्या घरातला हेर असला, त्या घराला काय लपवता येणार? चल, सुपारी फोडू."

आजीने पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपलं नाही. सुपारी फुटली. टिळा लागला. मामाचा जीव भांड्यात पडला. तो नवनाथजवळ गेला आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला, "संपलं रे बाबा! सगळ्यांना सगळं कळलंय. आता तरी सांग, हे तुझे कोण?"

नवनाथने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग मामाच्या कानाशी लागला.

"मामा, ह्यांनी तुम्हाला पकडलंय. तुम्ही पळा. मी म्हैस घेऊन मागनं येतो."